ही चाल नक्की कुणाची?

आजच्या भागाचा विषय आहे गाण्याची चाल. लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं नव्या गळ्यासाठी बसवायचं असतं, तेव्हा संगीतकार नेमकं काय करतो? काय ठेवतो आणि काय सोडून देतो?

जुन्या नाट्यपदाचं नवं रूप आलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जुन्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, नवं आलं म्हणून तर आम्ही ऐकायला लागलो. मला दोन्ही पटतं. पण इतिहास वाचायला घेतला आणि एक गंमत कळली. ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो, ते पदसुद्धा बऱ्याचदा आणखी जुन्या गाण्यावरून घडवलेलं असतं.

संगीत नाटकाचं जुनं छापील पुस्तक हाती लागलं तर उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुष्कळदा 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव असतं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्यात दुसऱ्याचा कोड घेतला तर फाइलच्या वरती तसं नोंदवायची रीत आहे. तीच रीत नाटकवाल्यांच्या छापील पानावर बघून मला भारी वाटलं.

आता क्रमाने जाऊ. ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. अण्णासाहेबांनी साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि लावणीच्या ढंगाच्या चाली घेतल्या. म्हणजे लोकांच्या कानांत आधीच घर करून बसलेल्या. प्रेक्षकाला शब्द नवे होते, पण सूर ओळखीचा होता. म्हणून तो पहिल्याच रात्री नाटकात शिरू शकला.

तीस वर्षांनी गोविंदराव टेंबे आले. खाडिलकरांचं 'मानापमान' १२ मार्च १९११ ला मुंबईत रंगभूमीवर आलं. टेंबे हार्मोनियमचे बादशहा, आणि त्यांच्या कानांत पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या भरलेल्या. मैफलीतली ती नखरेल गाणी त्यांनी भामिनीच्या तोंडी दिली. भामिनी कोण? बालगंधर्व! आता टेंब्यांच्या जागी बसून विचार करा. ठुमरीत एकच ओळ दहा प्रकारांनी आळवता येते. नाटकात मात्र समोर दुसरं पात्र उभं असतं, गोष्ट पुढे न्यायची असते आणि मराठी शब्द कळायला हवेत. ठुमरीची लचक ठेवायची, पण शब्द बुडू द्यायचा नाही, असं ते काम होतं.

१९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी तर ख्यालाच्या बंदिशीच मराठी पदांच्या साच्यात आणल्या. रागदारी ज्यांनी कधी मैफलीत ऐकली नव्हती, त्यांच्यापर्यंत ती नाटकाच्या वाटेने पोचली.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा टप्पा. मास्टर दीनानाथांनी १९१८ मध्ये 'बलवंत संगीत मंडळी' काढली. पुढे त्यांनीही धैर्यधर रंगवला. धैर्यधर म्हणजे शूर सेनापती आणि दीनानाथांचा गळा म्हणजे पल्लेदार, तडफदार, क्षणात वर झेपावणारा. त्यांनी धैर्यधराच्या काही पदांच्या चालीच बदलल्या. नाटक तेच, शब्द तेच. आज ती पदं आपल्याला आठवतात ती बऱ्याच अंशी दीनानाथांच्या ढंगात.

दीनानाथ मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. त्याच गावात १९२९ मध्ये जितेंद्र अभिषेकींचा जन्म झाला. साठच्या दशकात संगीत नाटक मागे पडत होतं. एकेका पदाला वन्स मोअर घेत रात्र रात्र चालणारे प्रयोग बघायला नव्या प्रेक्षकाला सवड नव्हती. अभिषेकींनी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून पदं आटोपशीर केली. पद थोडक्यात संपायला हवं आणि प्रसंगाला धरून हवं, ही त्यांची दिशा.

मग २४ डिसेंबर १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत अभिषेकींचं, खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. दोन घराण्यांच्या गायकीतला झगडा हीच गोष्ट. त्यात 'घेई छंद मकरंद' हे पद दोन वेगळ्या चालींत येतं, एक सालगवरालीत आणि दुसरी धानीत. एक ठाय, चिंतनात बुडालेली. दुसरी चपळ, तानांनी सळसळणारी. शब्द तेच असतात, पण गळा बदलला की माणूस बदलतो. आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर अभिषेकींनी रंगमंचावरच मांडून ठेवलंय, असं मला वाटतं.

२०१५ मध्ये सुबोध भावेंनी त्यावर सिनेमा केला. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. त्यांनी अभिषेकींची गाजलेली पदं ठेवली, आणि शेजारी 'सूर निरागस हो', 'अरुणी किरणी' अशी स्वतःची नवी गाणी बसवली. जुन्या पदांमागे सिनेमाला साजेसा मोठा वाद्यमेळ आला. खाँसाहेबांसाठी गायला राहुल देशपांडे, वसंतरावांचा नातू. सदाशिवसाठी महेश काळे, अभिषेकींचा शिष्य. 'अरुणी किरणी'साठी महेशला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राहुलने आजोबांची प्रत्येक हरकत जशीच्या तशी गिरवायचं ठरवलं असतं तर आपण सरळ जुनीच ध्वनिमुद्रिका लावली असती ना? मुखडा ओळखू येतो, रागाची शिस्त कळते, आणि तरी गळा त्याचा स्वतःचा वाटतो. म्हणून ते चालतं.

मग धोका कशात आहे? मला दोन गोष्टी दिसतात. एक, आपण एकच ध्वनिमुद्रण म्हणजे गाणं समजायला लागलोय. नाटकात तेच पद रोज रात्री थोडं वेगळं व्हायचं. आपल्याकडे उरलं त्यातल्या एखाद्या दिवसाचं. त्याची हुबेहूब नक्कल करत राहिलो तर सूर टिकतील, पण गायकी जाईल. दुसरी गोष्ट उलटी. तीस सेकंदांच्या रीलमध्ये नुसता मुखडा फिरतो. अंतरा आणि आलाप, जिथे संगीतकाराचा खरा विचार असतो, तो भाग कापला जातो. आणि मोठ्या अक्षरात दिसतं ते गायकाचं नाव. चाल कुणाची, ती आली कुठून, हे सांगणारी ती छापील पुस्तकातली बारीक ओळ हरवते.

मला विचाराल तर जुन्याला हात जरूर लावावा. हात लावला म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचलं. फक्त ती ओळ पुसू नये.

तर आजचा गृहपाठ, सोपा आहे. हेडफोन लावा आणि 'घेई छंद'च्या दोन्ही चाली लागोपाठ ऐका. आधी वसंतरावांच्या काळातल्या, मग सिनेमातल्या. आणि पुढच्या वेळी एखादं नवं व्हर्जन मित्राला पाठवाल तेव्हा सोबत एवढंच लिहा: चाल अमक्यांची. भेटू पुढच्या भागात!