रंगाआधीचा हात

अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणायची सवय जुनी आहे आणि ती चुकीची आहे. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंगवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. प्रायमरचा प्रश्नच नाही. म्हणून इटालियन चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भिंतीला गिलावा करून घ्यायचे. त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम.

अजिंठ्याच्या कारागिरांनी उलटा रस्ता धरला. आधी भिंत वाळवायची, मग रंगवायची. छिन्नीच्या घावांनी खडबडीत झालेल्या बसाल्टवर मातीचा गिलावा चढवला. मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू. खालचा थर जाडाभरडा, वरचा बारीक. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, आणि मगच डिंक किंवा सरसात कालवलेले रंग. तो पांढरा हात नसता तर मातीने रंग पिऊन टाकला असता. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, आपल्याकडे प्रायमर होता असं मी म्हणतो ते यामुळे. चित्रांकडे बघायला लोक जगभरातून येतात. मी मात्र पोपडा निघालेल्या जागी थांबतो, कारण थर तिथेच दिसतात.

(वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. मीम बनवायच्या आधी एवढंच: तंतू माती धरून ठेवतात.)

मग सिमेंट आलं. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढे भिंतीचा स्वभावच बदलला. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो. त्यावर ऑइलपेंट लावला तर रंगातल्या तेलाचा साबण होतो. ही अतिशयोक्ती नाही, साबण बनवतानाची रासायनिक क्रिया हीच. आत अडकलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, तो लोणा.

आमच्या नव्या इमारतीत बिल्डरने दसऱ्याला ताबा द्यायचा म्हणून भर पावसाळ्यात गिलावा केला आणि आठवड्याभरात रंग मारला. दिवाळीला कंदील लावताना बेडरूमची भिंत माझ्या हातात आली. कर्जाचा हप्ता तेव्हा सुरू झालेला होता.

दुरुस्तीला आलेल्या रंगारीकाकांनी रंग खरवडला, ब्रशने लोणा झाडला आणि भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला. सकाळी आतून पाण्याचे थेंब. “अजून नाही,” म्हणाले आणि निघून गेले. नव्या गिलाव्याला आधी आठवडाभर पाणी मारायचं, मग निदान महिनाभर वाळू द्यायचं, हा त्यांचा हिशेब. पावसाळ्यात त्याहून जास्त. त्यानंतर पॉलिश पेपर, धूळ पुसणं, आणि अल्कली सोसणारा प्रायमर. आधी प्रायमर की आधी लांबी, यावर रंगाऱ्यांत दोन पंथ आहेत. व्हाइट सिमेंटची लांबी थेट ओलसर गिलाव्यावर चालते, अ‍ॅक्रिलिकची प्रायमरनंतर. दोन्ही पंथ बरोबर आहेत, डबा वाचला तर.

काका पाच आठवड्यांनी आले. प्लास्टिक पुन्हा चिकटवलं. सकाळी कोरडं होतं.