जखमी हाताची मजुरी

मुंबईची गिरणी म्हटली की भोंगा आठवतो. परंतु गिरणीचा खरा प्राण छताखालून फिरणाऱ्या लोखंडी दांड्यात असे. वाफेचे इंजिन तो दांडा फिरवी आणि त्यावरून उतरलेले चामडी पट्टे एकेका यंत्राला गती देत. धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर त्या पट्ट्यात सापडला, तर इंजिन काही थांबत नसे.

कावसजी दावर यांनी या शहरात पहिली कापडगिरणी काढली १८५४ मध्ये. धोक्याच्या यंत्राला कठडा हवा, असे सांगणारा पहिला कायदा मात्र १८८१ चा. त्यातही शंभरांहून कमी माणसांचे कारखाने वगळलेले, आणि वर्षातून चार महिन्यांच्या आत काम आटोपणारेही वगळलेले. सरकी काढण्याचा धंदा मुळात हंगामी. त्याला ही पळवाट आयतीच सापडली!

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे ठेवले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांच्या स्मरणात आहे. दुसऱ्या एका मागणीकडे लक्ष कमी जाते. कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईतो पूर्ण मजुरी मिळावी, आणि जन्माचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. मला हीच मागणी अधिक दूरदृष्टीची वाटते. कठड्याला पैसे पडतात. तुटलेला हात जोवर मालकाला फुकट पडतो, तोवर कठडा हा त्याच्या लेखी निव्वळ तोटाच.

सुट्टी १८९० मध्ये मिळाली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वारले. नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला १९२३ मध्ये, आणि अंमलात आला १ जुलै १९२४ रोजी. मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे त्याने जखमी माणसाच्या डोक्यावरून उतरविले, हे त्याचे मोठेपण. पण तात्पुरत्या दुखापतीसाठी लोखंड्यांनी पूर्ण मजुरी मागितली होती. कायद्याने फार तर निम्मी दिली, आणि तीही पहिले दहा दिवस सोडून.

शिवाय यंत्राचे संरक्षक साधन कामगाराने जाणूनबुजून काढले असेल, तर भरपाई नाकारण्याची मुभा होतीच. ते त्याने आपण होऊन काढले की मुकादमाच्या घाईपायी, हे कागदावरून कसे कळावे?