मुक्या घोड्याची कैफियत

न्यायालयात दाद मागावयाची तर वाचा हवी. घोड्याला ती नाही. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या रिचर्ड मार्टिन यांनी १८२२ साली ब्रिटिश पार्लमेंटात घोडी-गुरांवरील क्रौर्याला आळा घालणारा कायदा संमत करवून ही उणीव काही अंशी भरून काढली. भारतात तसे कायदे १८९० व १९६० साली झाले. तरीही मुंबईत हौशी प्रवाशांच्या व्हिक्टोरिया धावतच राहिल्या. अखेर एका प्राणिमित्र संस्थेच्या याचिकेवरून ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरविल्या. गाडीवानांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यासही न्यायालयाने शासनास बजावले. मुक्याला न्याय देताना बोलत्याची भाकर हिरावू नये, यातच कायद्याची खरी कसोटी आहे.