कुलंटची विषबाधा: किडनी वाचणार की नाही, हे कशावर ठरते?

न्हावा-शेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात ट्रेलर, ट्रक आणि गॅरेज यांची कमी नाही. चिरनेरपासून पनवेलपर्यंत ज्या घरात कुणी ड्रायव्हर किंवा मेकॅनिक आहे, तिथे कुलंटचा डबा सापडतोच. कुलंट, म्हणजेच अँटिफ्रीझ, यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, रंगाने हिरवे किंवा गुलाबी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवले, तर मुलांना ते शरबतच वाटणार.

विष कसे काम करते?

पोटात गेलेल्या ग्लायकॉलचे लिव्हर आम्लांमध्ये रूपांतर करते. ही आम्लेच खरे विष. शेवटी तयार होणारे ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमशी मिळून खडे बनवते आणि ते किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात.

पहिल्या काही तासांत माणूस नशेत असल्यासारखा वागतो, उलट्या होतात. नंतर श्वास जोरजोरात चालतो, हृदयावर ताण येतो. किडनी बंद पडते ती साधारण 24 ते 72 तासांत. त्यामुळे मधल्या वेळेत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबणे, हीच सर्वात मोठी चूक ठरते.

परिणाम कशावर अवलंबून?

वेळ: किती प्यायले याला महत्त्व आहेच. मोठ्या माणसालाही साधारण 100 मिली जीवघेणे ठरू शकते, लहान मुलाला तर काही घोटही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचार कधी सुरू झाले. 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 19 रुग्ण होते. उपचार सुरू होताना ज्या 10 जणांचे क्रिएटिनिन नॉर्मल होते, त्यांच्यापैकी एकाचीही किडनी बिघडली नाही. ज्या 9 जणांचे आधीच वाढलेले होते, त्यांची किडनी आणखी बिघडली.

रक्तातील आम्ल: ते जितके जास्त, तितका धोका मोठा. बेशुद्धी आणि झटके हीसुद्धा वाईट लक्षणे.

डायलिसिस: विष आणि आम्ल दोन्ही बाहेर काढते. वाचलेल्या अनेकांची किडनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागते, पण सगळ्यांची नाही.

उतारा: फोमेपिझोल हे औषध सगळीकडे मिळत नाही. तेव्हा डॉक्टर इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल देतात. ते विषाचे आम्ल होऊ देत नाही. आपल्या घरांत यावर शंका निघू शकते. जीव वाचवण्याच्या मजबुरीत शरीअतने सवलत दिली आहे, म्हणून उपचार अडवू नका. मात्र घरच्या घरी हा प्रयोग कधीच करू नका.

औषधातूनही धोका

याच जातीचे डायइथिलीन ग्लायकॉलही थेट किडनी मारते. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. 2025 मध्ये छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे 20 हून अधिक मुले गेली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय लहान मुलांना सिरप देऊ नका. औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

असे झाले तर काय करायचे?

• उलटी करवू नका. दूध, लिंबूपाणी देण्यात वेळ घालवू नका.
• 108 ला फोन करा. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात नेण्यास सांगा.
• डबा किंवा बाटली सोबत न्या. किती वाजता आणि अंदाजे किती प्यायले, ते सांगा.
• कुणी जाणूनबुजून प्यायले असेल, तर बदनामीच्या भीतीने लपवू नका. डॉक्टरांना खरे कळले, तरच योग्य उतारा वेळेत मिळतो.

आणि आजच एक काम करा: घरातले कुलंट मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.