मोडीचा कित्ता

प्राथमिक शाळेतील मुलांना लेखणी न उचलता, अक्षरास अक्षर जोडून लिहावयास शिकवावे की नाही, हा प्रश्न अलीकडे इंग्रजीच्या निमित्ताने आपल्यापुढे आला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले आणि चार रेघांची वही खेड्यापाड्यांतील दप्तरांतही जाऊन बसली. मुलाचा 'क' अजून नीट बसलेला नसतो, तोच त्याच्याकडून इंग्रजी अक्षरे एकात एक गुंफून घेण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. पालकांना ही गोष्ट नवी आणि परकी वाटते. परंतु ती नवी नव्हे. जोडून लिहिण्याचे शिक्षण मराठी मुलांना कित्येक पिढ्या मिळत होते. त्या लिहिण्याचे नाव मोडी.

पूर्वी मुलगा पंतोजींपुढे बसला म्हणजे प्रथम धूळपाटीवर बोटाने वा काडीने मुळाक्षरे गिरवी. ही अक्षरे बालबोध, म्हणजे आज आपण ज्यांस देवनागरी म्हणतो ती. नावातच अर्थ आहे : बालकासही बोध व्हावा असे अक्षर. हात वळला की मग मोडीचा कित्ता समोर येई. पानावर आडवी रेघ प्रथम सलग ओढून घ्यावयाची आणि तिच्याखाली बोरूने अक्षरे अडकवीत जावयाचे, ही मोडीची रीत. बालबोधात प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला हात उचलावा लागतो. मोडीत अक्षर आणि काना एकाच वळशात निघतात. इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत जागा सोडावयाची नाही, विरामचिन्हे नाहीत. सगळी काटकसर वेगासाठी.

हा वेग कोणास हवा होता? दफ्तरदारास, कारकुनास, कुळकर्ण्यास आणि सावकाराच्या गुमास्त्यास. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरूनच चिटणीस, फडणीस, पारसनीस, सबनीस ही आडनावे निघाली. लिहिणाऱ्याचे हुद्दे पुढे घराण्यांची नावे होऊन बसले, इतके या राज्यांत लिहिण्याला महत्त्व होते. मोडीचा उगम यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे नेण्याची परंपरा आहे. पंडितांत त्याविषयी मतभेद आहेत, आणि तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू. शिवकाल व पेशवाई या दोन्ही काळांत राज्याचा कारभार मोडीत चाले, एवढे निर्विवाद आहे.

आपला हा गोरेगावचा मुलूखही त्यास अपवाद नव्हता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आपण भंडारा जिल्ह्यात होतो. आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तोवर भोसल्यांच्या अमलात. त्या दरबाराचा पत्रव्यवहार मोडीत होई आणि चिटणवीस हे नाव नागपुरात आजही सर्वांच्या परिचयाचे आहे.

मग अशी उपयोगी लिपी गेली कशी? तिला कोणी एका दिवसात घालवली नाही. विल्यम कॅरे याने श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मराठी व्याकरण काढले ते नागरी ठशांत, पण १८१० चा मराठी कोश मात्र मोडी ठशांत छापला, कारण लोकांच्या हातात मोडीच होती. म्हणजे मोडी छापता येत नव्हती असे नाही. परंतु हाताच्या वळणासाठी जन्मलेले अक्षर सुट्या शिशाच्या ठशांत घातले की त्याचा वेगाचा गुण निकामी होतो आणि वाचावयास अवघडपणाचा दोष तेवढा शिल्लक राहतो. छापील पुस्तक बालबोधाचे झाले. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोधाचा स्वीकार केला. त्यानंतरही काही दशके शाळांत मोडी शिकवली जात होती आणि जुन्या पिढीचे लोक पत्रे व हिशेब मोडीतच लिहीत होते. विसाव्या शतकाच्या मध्याला ती वर्गातून नाहीशी झाली.

आमच्या मते याचे मूळ कारण एकच. जोडून लिहिलेले अक्षर लिहिणाऱ्याच्या सोयीचे असते, सुटे अक्षर वाचणाऱ्याच्या सोयीचे. व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीविषयी एक गोष्ट आपल्याकडील पेढ्यांवर हसत सांगतात : 'बाबूजी अजमेर गये' असे लिहिलेले घरच्यांनी 'बाबूजी आज मर गये' असे वाचले आणि रडारड सुरू झाली. जोवर कागद ओळखीच्या लिहिणाऱ्याकडून ओळखीच्या वाचणाऱ्याकडे जातो, तोवर असा धोका थोडा. कागद अनोळखी माणसापुढे, न्यायालयापुढे, हजारो वाचकांपुढे जाऊ लागला की वाचणाऱ्याची बाजू जड होते. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला, तोही बालबोध अक्षराविषयी : वाटोळे, सरळ, मोकळे आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे. ग्रंथ पुढच्यांनी वाचावयाचा आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

परंतु या देवघेवीत आपण काय गमावले, तेही पाहिले पाहिजे. एखाद्या घरी पेटीच्या तळाशी जमिनीचा वा वाटणीचा मोडी कागद निघतो. घरात पदवीधर असतात, पण पणजोबांची सही कोणती हे एकासही ओळखता येत नाही. जाणकार शोधावा लागतो आणि तो सांगेल ते प्रमाण मानावे लागते. आपल्याच कागदापुढे आपण निरक्षर ठरतो. सरकारी पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात आणि २०१४ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचातही मोडीला स्थान मिळाले. पण वाचणारे डोळे यंत्राने आपोआप तयार होत नाहीत.

हाच प्रश्न आज इतर देशांनाही पडला आहे. फिनलंडने २०१६ पासून शाळेतील जोडलिखाणाची सक्ती काढली. उलट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली कायदा करून पहिली ते सहावीच्या मुलांसाठी ते पुन्हा आणले. दोन्हींकडे शहाणी माणसे आहेत. आपल्याला त्यांच्यापैकी कोणाचीच री ओढण्याचे कारण नाही. आपल्या पंतोजींचा क्रम आपल्यापाशी आहे.

तो क्रम असा : प्रथम सुटे अक्षर, आणि ते पक्के झाल्यावरच जोडलेले. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त करून, मुलाला आधी चित्र काढावयास शिकवावे, मग अक्षर, असे सुचविले आहे. तेही याच धोरणाचे. म्हणून पहिली-दुसरीत देवनागरी आणि इंग्रजी दोन्हींची सुटी अक्षरे नीट बसू द्यावीत. जोडून लिहिणे तिसरी-चौथीवर ठेवावे. आणि त्या वयात गोडी असलेल्या मुलांना आठवड्यातून एक तास मोडीचाही कित्ता द्यावा. इंग्रजी वळण जो हात शिकतो, त्याला मोडीचे वळण जड जाणार नाही. त्यांतील दोन-चार मुले जरी घरचा जुना कागद स्वतः वाचू लागली, तरी गावाला आपले कागद कोणाच्या भरवशावर सोडावे लागणार नाहीत. हे काम सरकारी हुकमाची वाट न पाहता गावातील शिक्षक आणि वाचनालय मिळून याच सुटीत आरंभू शकतील.