कॉम्प्युटर अधूनमधूनच स्लो का होतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर कायमच स्लो असेल तर कारण शोधायला फार डोकं लागत नाही. मशीन जुनं झालेलं असतं किंवा रॅम कमी पडत असते. पण सकाळी सुसाट चालणारा पीसी दुपारी माऊससुद्धा हलू देत नाही आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही असा वागतो, तेव्हा काय करायचं? दुकानात नेला की तिथे तो नेमका शहाण्यासारखा चालतो. मग 'फॉरमॅट मारून देतो' हा ठरलेला सल्ला मिळतो आणि बऱ्याचदा काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

अशा मशीनबद्दल सगळ्यात कामाची माहिती म्हणजे ते कधी स्लो होतं. सुरू केल्या केल्या? तासभर वापरल्यावर? व्हिडिओ कॉल चालू असताना? चार्जर काढल्यावर? चार-पाच दिवस वेळ लिहून ठेवली तरी अर्धा तपास होतो.

आधी एक शंका मिटवून टाका. वेबसाइट उघडत नसेल तेव्हा नोटपॅड उघडून बघा. तो झटकन उघडला, तर कॉम्प्युटरला दोष देण्याआधी वायफायकडे बघा.

चोर रंगेहाथ पकडा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. मशीन अडकलेलं असतानाच तो बघायचा, नंतर बघून उपयोग नाही. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने महत्त्वाचे. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

तिथे 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं तर घाबरू नका. तो विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस आहे आणि तो स्कॅन करतोय. विंडोज देखभालीची बरीच कामं रात्री उशिरासाठी राखून ठेवतं. पण आपण घरचा कॉम्प्युटर रात्री बंद करतो, त्यामुळे ही कामं दिवसा, मशीन थोडं रिकामं दिसलं की सुरू होतात. तुम्ही चहा पिऊन परत येता तेव्हा पंखा घरघरत असतो, त्याचं कारण अनेकदा हेच. आठवड्यातून एखादी रात्र कॉम्प्युटर चालू ठेवला तर हा त्रास कमी होतो. दोन-दोन अँटीव्हायरस टाकले असतील तर एक आजच काढा.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक वेळा ब्राउझरचे टॅब जबाबदार असतात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातोय ते दिसतं.

डिस्कचा रकाना नीट बघा

इथे जरा थांबायला हवं, कारण इथे प्रश्न फक्त वेगाचा नाही, तुमच्या फोटोंचा आणि कागदपत्रांचाही आहे. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी तबकडी. तिचा एखादा भाग खराब झाला की तिथली माहिती वाचण्यासाठी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ अख्खा कॉम्प्युटर ताटकळतो. खराब भाग ओलांडला की सगळं सुरळीत! म्हणून हा बिघाड अधूनमधूनच जाणवतो.

ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्क निवडा. डिस्क १०० टक्के व्यस्त आहे, पण प्रत्यक्षात वाचन-लेखन नावापुरतं चाललंय आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम हजार मिलिसेकंदांच्या पुढे गेलाय, असं वारंवार दिसलं तर सावध व्हा. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं, तर पहिलं काम बॅकअप. फॉरमॅट नाही, स्कॅन नाही, साफसफाईचं ॲप तर अजिबात नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर जितकं काम लादाल, तितका डेटा गमावण्याचा धोका वाढतो.

तासभर वापरल्यावरच वेग पडत असेल तर संशय उष्णतेवर. प्रोसेसर खूप तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूचा 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' दोन्ही दिसतात. काम जोरात चालू असताना स्पीड बेस स्पीडच्या बराच खाली असेल, तर पंखा धुळीने भरलाय का ते बघा. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची जाळी बंद होते, आणि एप्रिल-मे महिन्यात तर विचारूच नका. काही लॅपटॉप कमी वॉटचा चार्जर लावला तरी हळू चालतात.

त्याच टॅबवर 'अप टाइम' दिसतो. रोज शटडाऊन करूनही तो कित्येक दिवसांचा दिसेल. विंडोजमधल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाऊन करताना सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते. हा उपाय फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही.

टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होतो आणि बंद करताच पुन्हा घरघरतो, असं दर वेळी होत असेल तर विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन करा. चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे काही व्हायरस टास्क मॅनेजर दिसला की लपतात. 'तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, या नंबरवर फोन करा' असा पॉपअप मात्र फसवणूक समजा. फोन करू नका, कुणाला रिमोट ॲक्सेस देऊ नका.

एवढं करूनही दुकानात जावं लागलंच, तर मशीन अडकलेलं असताना टास्क मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढून सोबत न्या. तिथे कॉम्प्युटर नीट चालला तरी दाखवायला काहीतरी असेल.