जुळारी ते एआय : एका व्हिजिटिंग कार्डाचा इतिहास

लहान व्यवसायाचं व्हिजिटिंग कार्ड करायचं तर आता छापखान्याची पायरी चढायला लागत नाही. मोबाईल काढायचा, एआयला सांगायचं, "घरगुती पुरणपोळी आणि लोणची, पिवळा-लाल रंग, पारंपरिक लुक, नाव मराठीत." चहा गार होण्याआधी चार डिझाइनं समोर हजर. डबे देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, दोन खोल्यांत क्लास चालवणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी सोय आहे. तिला नावं ठेवायला ही पोस्ट नाही.

पण ती चार डिझाइनं जरा नीट बघा. 'पुरणपोळी'तला ळ कधी गायब असतो, कधी त्याचा ल झालेला असतो. 'तऱ्हेतऱ्हेची लोणची' लिहायला सांगा, ऱ्हे चं काय होतं ते बघाच. केटरिंगवाल्याच्या 'आचाऱ्यांची टीम'ची 'आचार्यांची टीम' होते आणि स्वयंपाकघरात थेट शंकराचार्य येऊन बसतात!

असं का होतं? उत्तर थोडं मागे जाऊन शोधावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

धंद्याचं कार्ड ही मुळात पत्ता सांगण्याची सोय. सतराव्या शतकात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये घरांना सहसा क्रमांक नसत. दुकान शोधायचं ते दारावरच्या पाटीवरून, तिच्यावरच्या चित्रावरून. म्हणून दुकानदार कागदावर तेच चित्र, नाव आणि खाणाखुणा छापून गिऱ्हाइकाला देत. विल्यम हॉगार्थ हा पुढे नावाजलेला चित्रकार. त्याने १७२० मध्ये स्वतःच्या धंद्यासाठी कोरलेलं असं कार्ड आजही पाहायला मिळतं. म्हणजे कार्डात दोन गोष्टी पहिल्यापासून होत्या, चित्र आणि अक्षर. चित्र लक्ष वेधून घेतं, अक्षर गिऱ्हाइकाला दारात आणतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे छपाई गोव्यात १५५६ लाच आली, पण मराठी अक्षरं खिळ्यांत यायला बराच काळ गेला. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं, तेही कुठे, तर बंगालमधल्या श्रीरामपूरला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरी खिळे पाडले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला हात लावत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली असं सांगितलं जातं. नवं यंत्र आलं की लोक बिचकतात. मग कुणीतरी ते यंत्र आपल्या माणसांना रुचेल असं करून घेतो. हे तेव्हापासूनचं आहे.

आणि मग जावजी दादाजी. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अगदी खालच्या कामापासून सुरुवात केलेला हा मुलगा. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचं अक्षर इतकं देखणं, की संस्कृत ग्रंथांसाठी ते देशभर प्रमाण मानलं गेलं. बाहेरून आलेल्या यंत्राला आपली लिपी शिकवावी लागते, हे जावजींना कळलं होतं.

छापखान्यात या लिपीचा राखणदार होता जुळारी, म्हणजे कंपोझिटर. इंग्रजीच्या मानाने देवनागरीला खिळे फार लागत. जोडाक्षरं, रफार, उकार, मात्रा धरून ते शेकड्यांत जात. खण कुठला, खिळा कुठला, हे त्याच्या बोटांना पाठ. अक्षरं उलटी जुळवायची आणि सुलटी वाचायची. कार्ड छापायला आलेल्या दुकानदाराला तोच विचारायचा, "मालक, 'दुध' नको, 'दूध' करू ना?" पगार तुटपुंजा, शिशाची धूळ आयुष्यभर अंगावर. पण अक्षराला जबाबदार असा एक माणूस तिथे उभा असायचा.

यंत्राला मात्र ही लिपी कायम जड गेली. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, उ ऐवजी अ ला वेलांटी-उकार देणारी ती बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकाने बरीच वर्षं वापरली. मतभेद असतील, पण ती चर्चा उघड्यावर झाली. यंत्रासाठी अक्षर बदलायचं का, किती बदलायचं, यावर लोक जाहीरपणे भांडले.

पुढे ऑफसेट आलं, स्क्रीन प्रिंटिंग आलं, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून डीटीपी आलं. पुण्यात सी-डॅक १९८८ ला सुरू झालं, पुण्याचीच श्रीलिपी गावोगावच्या डीटीपी सेंटरांत पोचली. जुळारी गेला, त्याच्या जागी संगणकावर बसलेला डीटीपीवाला आला. तो चुका करायचा, पण प्रूफ दाखवायचा. आपण पेनाने गोल करायचा, तो दुरुस्त करायचा.

एआयने मधला हा माणूसच काढून टाकला.

चित्र काढणारं एआय २०२१-२२ पासून सर्वांना माहीत झालं. डॅल-ई, मिडजर्नी, स्टेबल डिफ्युजन ही नावं तेव्हाचीच. २०२५ च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीची चित्रं घरोघरी पोचली. या प्रकारची बरीचशी साधनं अक्षर लिहीत नाहीत, अक्षराचं चित्र काढतात. त्यांच्या लेखी ळ म्हणजे एक आकार, डोंगर किंवा कमळ असतं तसा. जो आकार लाखो वेळा पाहिलाय तो बरोबर येतो. इंग्रजी त्यांनी भरपूर पाहिलंय, देवनागरी कमी, आणि त्या देवनागरीतही हिंदीचा वाटा मोठा. म्हणून ळ अडखळतो, आपला ऱ्य हरवतो, ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नवी साधनं सुधारली आहेत हे खरं. पण दहा अक्षरं बरोबर आणि अकरावं चूक, हे जास्त धोक्याचं. नजर चुकते आणि हजार कार्डं छापून येतात.

मला काळजी वेगळीच वाटते. टिळक-सावरकरांच्या वेळी अक्षर बदलायचं की नाही यावर वाद झाला. आता वाद न होताच बदलेल. चुकीचा ळ रोज कार्डावर, फ्लेक्सवर, स्टेटसवर दिसला की तोच डोळ्यांत बसतो. आणि उद्याचं एआय शिकणार तेही याच चित्रांवरून.

मग करायचं काय? कार्ड एआयने जरूर करा, पण चित्र आणि अक्षर वेगळं ठेवा. एआयकडून फक्त चित्र, नक्षी, रंगसंगती घ्या. "मजकूर नको" असं स्पष्ट सांगा. नाव, पत्ता, फोन नंबर कॅनव्हासारख्या साधनात स्वतः टाइप करा, युनिकोड फॉन्टमध्ये. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बालू असे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. क्यूआर कोड एआयला काढायला लावू नका, तयार करून चिकटवा आणि छापण्याआधी स्कॅन करून बघा. स्क्रीनवरचा झगझगीत रंग शाईत तसाच उतरत नाही, म्हणून एक नमुना छापून घ्या. आणि लोगो कायम वापरणार असाल तर लक्षात घ्या, जवळपास तीच सूचना दिलेल्या शेजारच्या गावातल्या दुकानालाही तसाच लोगो मिळू शकतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी करायला जाल तेव्हा हे साम्य आड येईल.

शेवटी सरकारबद्दल. दुकानाची पाटी मराठीत हवी, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असा कायदा आहे. २०२२ मध्ये तो कडक झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. २००९ मध्ये शासनाने मराठी वर्णमाला आणि ल, श यांची वळणं ठरवून दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषा अभिजात झाली. सगळं छान. पण अक्षर किती मोठं हवं हे पाहणाऱ्या सरकारने ते यंत्राला नीट येतंय का हेही पाहायला हवं. जुन्या छापखान्यांतली उत्तम मराठी अक्षरं, पाट्या, पुस्तकं व्यवस्थित डिजिटल करून खुली करा, म्हणजे एआयला शिकायला चांगलं काहीतरी मिळेल. जावजींनी हे काम शिसं ओतून केलं. आपल्याला निदान स्कॅनर तरी चालवता येईल ना?

तोवर प्रूफ वाचायची जबाबदारी तुमची-माझी. छापायला टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, घरातल्या एखाद्या जुन्या शिक्षकाला दाखवा. जुळाऱ्याची खुर्ची रिकामी आहे, दोन मिनिटं कुणीतरी तिच्यावर बसायला हवं.

तुमच्या गावात खिळ्यांचा छापखाना होता का? जुळारी आठवतात का? खाली जरूर लिहा.